एअर फ्रायरमध्ये घरच्या बटाट्याचे फ्राइज कुरकुरीत होईनात (सोलापूरकर, मदत करा)

खमंग_जुळेसोलापूर

दिवाळीच्या सेलमध्ये एअर फ्रायर घेतला. चार लिटरची टोपली, १४०० वॅट. शेंगदाणे भाजून झाले, पापड झाले, कोथिंबीर वडी तर इतकी छान झाली की शेजारी डबा पाठवला. अडलंय ते फ्रेंच फ्राइजवर, आणि पोरांनी मशीन घ्यायला लावलं ते त्याच्यासाठीच.

पाकिटातले गोठवलेले टाकले की थेंबभर तेल न घालता कुडुमकुडुम. घरचा बटाटा कापून टाकला की टोकं तपकिरी, कडा चिवट आणि मधला भाग लिबलिबीत. तेल कमी-जास्त करून पाहिलं, १८० ला केलं, २०० ला केलं. बटाटे लक्ष्मी मंडईतले. आमच्याकडे पाणी चार दिवसांआड येतं, त्यामुळे "बटाटे सात पाण्यांत धुवा" छापाच्या पाककृती कृपया नकोत.

मशीनमध्येच काही दोष असेल का? परत करायची मुदत संपत आलीये.

कडक_भाकरी

मशीन परत करा, कढई काढा. प्रश्न मिटला. (गंमत करतोय, दिवा घ्या.)

माहेर_सोलापूर

वाचतेय. पुण्यात माझंही हेच रडगाणं. फोटो टाका ना ताई, फोटोशिवाय धागा म्हणजे मीठ नसलेली भाजी.

कांदाबटाटा_आडत

खमंगताई, मशीनला नावं ठेवायच्या आधी बटाटा कुठला ते सांगा. नुसतं "मंडईतला" म्हणून चालत नाही की.

ह्या दिवसांत मार्केट यार्डात दोन माल यायलेत. एक जुना, आग्र्याकडचा. तो काढला फेब्रुवारी-मार्चला आणि तेव्हापासून कोल्ड स्टोअरमध्ये २ ते ४ अंशाला पडून. बाहेर आला की दिसायला टणक, वजनाला बरा, पण चाखा, गोडसर लागतो. दुसरा नवा माल, साल अंगठ्यानं निघते. तो कोवळा, अंगात नुसतं पाणी. भाजीला दोन्ही झकास. फ्राइजला दोन्ही बेकार.

वेफर्सवाले आमच्याकडं येतात तेव्हा भाव विचारायच्या आधी एक बटाटा उभा चिरून बघतात. चिरल्यावर सुरीला पांढरा चिकट थर बसला आणि दोन फोडी एकमेकीवर घासल्या की पिठूळ फेस आला, तर माल घेतात. सुरी ओली होऊन पाणी टपकलं की पुढच्या गाळ्यावर. तुम्ही पण तेच करा. दुकानदाराला "वेफर्सचा बटाटा द्या" म्हणा. कुफरी चिप्सोना नावानं मिळतो, किलोमागं थोडा महाग पडतो. कुफरी फ्रायसोना म्हणून खास फ्राइजसाठी काढलेला वाण पण आहे, शिमल्याच्या बटाटा संशोधन संस्थेचा, पण किरकोळीत तो क्वचित दिसतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात पुणे जिल्ह्यातल्या सातगाव पठारावरचा ताजा बटाटा येतो, तो कोल्डचा नसतो, तेव्हा करून बघा.

वेफर्सचा माल कोल्डला ठेवला तरी १०-१२ अंशाला ठेवतात. का ते मला विचारू नका, पण ह्याच्याखाली गेला की कंपनी गाडी परत पाठवते.

रसायनवाले_सर

का ते मी सांगतो, शाळेत हा प्रयोग पोरांकडून करून घेतो.

बटाटा जिवंत असतो. साधारण ८ अंशांच्या खाली गेला की त्यातल्या स्टार्चचा काही भाग मोडून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज तयार होतं. ही साखर बटाट्यातल्या ॲमिनो आम्लांशी गरम हवेत झटकन अभिक्रिया करते आणि तपकिरी रंग येतो. थोडा असेल तर तो रंग हवाच, चवही त्यातूनच येते. साखर जास्त असली तर मात्र पृष्ठभाग वाळून कडक व्हायच्या आतच काळपट होतो. तुम्ही रंग बघून "झालं" म्हणता आणि टोपली काढता, आत पाणी तसंच असतं. दहा मिनिटांत तेच पाणी बाहेर येऊन वरचा कडक थर मऊ करतं. खमंगताईंनी सांगितलेली लक्षणं तंतोतंत हीच आहेत. मशीन परत करू नका.

आता पाकिटाचं कोडं. पाकिटातले फ्राइज कच्चे नसतात. कारखान्यात ते गरम पाण्यातून काढतात, वाळवतात, एकदा तेलात तळतात आणि मग गोठवतात. पाकिटाच्या मागे घटक वाचा, तेल सापडेलच. पुष्कळदा डेक्स्ट्रोज, म्हणजे एक साखरही असते, सगळ्यांचा रंग सारखा यावा म्हणून. म्हणजे "तेलाचा थेंब न घालता" हे आपल्या घरापुरतंच खरं. तुमचा कच्चा बटाटा आणि त्यांचा अर्धा तळलेला बटाटा यांची शर्यतच मुळात बरोबरीची नाही.

मग कारखाना जे करतो ते घरी करायचं, तळण सोडून:

बोटाच्या जाडीचे, साधारण १ सेंटीमीटरचे तुकडे. पातेल्यात पाणी उकळून त्यात लिटरला एक मोठा चमचा व्हिनेगर आणि चमचाभर मीठ. तुकडे टाकून ८-१० मिनिटं मंद उकळी. आम्ल असलं की पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन लवकर विरघळत नाही, म्हणून बटाटा शिजतो पण फुटत नाही. व्हिनेगरचा वास शेवटी राहत नाही. ह्याच उकळीत वरची साखर आणि मोकळा स्टार्च बराचसा निघून जातो. तेव्हा सात पाण्यांची गरज नाही, ताई. कापल्यावर एकदा खळबळून घ्या, बास.

आणि एक गंमत. बोअरचं जड पाणी असेल तर ते वापरा. त्यातलं कॅल्शियम पेक्टिनला घट्ट करतं, तुकडे अजून कमी मोडतात. जड पाण्यात डाळ शिजत नाही म्हणून आपण वैतागतो, इथे तोच अवगुण कामाला येतो.

खमंग_जुळेसोलापूर

सर, आडतदादा, हे असं कुणी सांगितलंच नव्हतं! यंत्रासोबतच्या पुस्तकात "बटाटे कापा, तेल चोळा, २० मिनिटं" एवढंच आहे. बोअरचं पाणी आमच्या अपार्टमेंटला भरपूर आहे, पिववत नाही इतकं जड. उद्याच करते.

पण उकडल्यावर तुकडे ओले होणार, ते वाळवायचे कसे? टिश्यूला चिकटतात.

टर्किश_टॉवेल

ह्या प्रश्नासाठीच मी जन्माला आलोय. टॉवेलच्या कारखान्यात आयुष्य गेलं.

टिश्यू नको. सुती टॉवेल घ्या, पण कपाटातला कोरा करकरीत काढू नका. नव्या टर्किश टॉवेलवर शेवटच्या धुलाईत सॉफ्टनर बसवलेलं असतं, त्यानं हाताला मऊ लागतो पण पाणी ओढत नाही, वरून तंतू सोडतो. फ्राइजला निळे-गुलाबी केस आलेले चालणार आहेत का? चार-सहा धुण्यांतून गेलेला, थोडा खरखरीत झालेला टॉवेल उत्तम. धुताना सॉफ्टनर घालत असाल तर स्वयंपाकाचा टॉवेल वेगळा काढा. नाहीतर सरळ जुना पंचा.

पसरायचे, एकावर एक नको. वरून पंखा. सोलापूरची हवा थंडीतही कोरडीच, दहा-पंधरा मिनिटांत वरची चकाकी जाऊन तुकडे पांढुरके, खडूसारखे दिसायला लागतात. तिथं थांबा. पुसत बसू नका, सालपटं निघतात.

कडक_भाकरी

उकडा, वाळवा, पंखा लावा, टॉवेल निवडा. बे, पाव किलो बटाट्यासाठी पाटबंधारे खात्याचा प्रकल्प उभारलाय. माझी आई कच्चे काप थेट कढईत सोडायची आणि पाच मिनिटांत ताटात.

रसायनवाले_सर

@कडक_भाकरी, तुमचा मुद्दा बिनतोड आहे. तेल उष्णता हवेपेक्षा कितीतरी पटींनी भराभर देतं, त्यामुळे कढई बटाट्याच्या पुष्कळ चुका पोटात घालते. एअर फ्रायर म्हणजे वर तापलेली कॉइल आणि तिच्यामागे जोराचा पंखा असलेली छोटी भट्टी. नावात 'फ्राय' आहे इतकंच. फिलिप्सनं २०१० मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात तो पहिल्यांदा आणला तेव्हापासून लोक त्याच्याकडून कढईची अपेक्षा करतायत. ज्याला वेळ नाही त्यानं कढईच वापरावी. पण अर्धा किलोला एका मोठ्या चमचाभर तेलात भागतं, हेही खोटं नाही.

माहेर_सोलापूर

तेल कुठलं? आमच्याकडे अजून बार्शीहून घाण्याचं करडईचं तेल येतं. तेच चोळू का?

टर्किश_टॉवेल

घाण्याचं भाकरीवर, चटणीवर, ज्वारीच्या कण्यांवर. २०० अंशाच्या मशीनमध्ये ते धूर धरतं आणि उग्र वास सुटतो. फ्राइजला रिफाइंड शेंगदाणा किंवा रिफाइंड करडई. स्प्रेच्या डब्यांपेक्षा भांड्यात घेऊन हातानं चोळा, सगळीकडून लागतं.

फेज_न्यूट्रल

जरा माझ्या खात्यातलं. दोन गोष्टी कुणी बोललंच नाही.

पहिली, प्लग. १४०० वॅट म्हणजे २३० व्होल्टला सहा अँपिअरच्या थोडं वर. तो साध्या छोट्या सॉकेटला लावू नका, एक्स्टेन्शनला तर नकोच. १६ अँपिअरचा जाड पिनांचा पॉइंट पाहिजे. प्लग काढल्यावर पिना हाताला चटका देत असतील तर सॉकेट सैल झालंय, बदलून घ्या.

दुसरी, व्होल्टेज. कॉइलची ताकद व्होल्टेजच्या वर्गानं कमी होते. २३० च्या जागी १९० आलं तर १४०० वॅटचं मशीन साडेनऊशेच्या आसपास चालतं. आकडा २०० च दिसत राहतो, पण टोपली उघडून हलवली की गेलेली उष्णता भरून यायला दुप्पट वेळ. फ्राइज तळायच्या ऐवजी वाफवले जातात. शहरात सहसा ही अडचण नाही, पण मोहोळ, मंगळवेढा, माढ्याकडं रब्बीच्या मोटारी चालू झाल्या की बघा. मोटारी बंद असतील त्या वेळेला करा, मशीन रिकामं ५ मिनिटांऐवजी ८-१० मिनिटं तापवा, आणि माल निम्मा टाका.

खर्च विचाराल तर २५ मिनिटं सलग जळलं तरी ०.६ युनिटच्या आत. थर्मोस्टॅट मधेमधे बंद होतो, म्हणजे त्याहून कमीच.

मोहोळची_माती

फेजदादा, लाखातलं बोललात. माझी पुतणी पुण्यात करते ते कुरकुरीत आणि तेच यंत्र गावात आणलं की गार. आम्ही बटाट्याला शिव्या घालायलोय आणि दोष मोटारीचा.

खमंग_जुळेसोलापूर

करून बघितलं!! वेफर्सचा बटाटा मिळाला, जुना पंचा, बोअरचं पाणी, व्हिनेगर. १६० ला १२ मिनिटं, मग २०० ला ७. बाहेरून खरंच कडक, आत मऊ, रंग पिवळा सोन्यासारखा. पोरांनी फोटो काढू दिला नाही, ताट पुसलं.

एकच तक्रार. पहिल्या खेपेला एकदम भारी, दुसऱ्या खेपेला जरा नरम. दुसऱ्यांदा टोपली वरपर्यंत भरली होती, पाहुणे होते. शिवाय खाली कागदी लायनर घातला होता, धुवायला सोपं म्हणून.

रसायनवाले_सर

उत्तर तुमच्याच प्रश्नात आहे. हवा खालून फिरली पाहिजे, लायनरनं जाळी बंद केली. सिलिकॉनचं भांडं घातलं तरी तेच. चार लिटरच्या टोपलीत तीनशे-साडेतीनशे ग्रॅम, एक थर आणि वर तुरळक, ह्यापुढे जाऊ नका. पाहुणे असतील तर सगळ्या खेपा १६० वर आधी काढून परातीत पसरून ठेवा. ऐन वेळेला सगळं थोडं थोडं करून २०० ला ४-५ मिनिटं.

त्याहून सोपं: १६० ची पायरी झाली की गार करून ताटात पसरून फ्रीजरला ठेवा, कडक झाले की पिशवीत भरा. गोठताना आतल्या पाण्याचे स्फटिक पेशी फोडतात, नंतर ते पाणी वाफ होऊन लवकर निघतं आणि गर जास्त भुसभुशीत होतो. वितळवायचे नाहीत, फ्रीजरमधून थेट तापलेल्या टोपलीत. गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या) यात्रेला पाहुणे येतात तेव्हा आमच्याकडे हाच उद्योग असतो.

माहेर_सोलापूर

तांदळाचं पीठ भुरभुरवा, हमखास कुरकुरीत. अर्धा किलोला दोन चमचे. मी कधीची करते.

कांदाबटाटा_आडत

पीठ लावून कुरकुरीत झालं तर कुरकुरीत पीठ झालं, बटाटा नाही. चांगल्या मालाला मेकअप लागत नाही.

माहेर_सोलापूर

दादा, तुमच्या यार्डातला चांगला माल पुण्यात आमच्या दारापर्यंत येत नाही, म्हणून मेकअप. 😄

रसायनवाले_सर

दोघांनाही अर्धे गुण. कोल्डचाच बटाटा नशिबी असेल तर तांदळाचं पीठ किंवा कॉर्नफ्लोअर पृष्ठभागावरचं पाणी ओढून घेतं, फरक पडतो. पिठूळ बटाटा असेल तर नको, जाडसर पापुद्रा बसतो. आमच्या सौ. नी मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीचं पीठ लावलं होतं. खमंग झालं, पण खाताना थालीपीठ खातोय असं वाटत होतं.

बटाटा पिठूळ आहे का ते घरी तपासायचं असेल तर एक लिटर पाण्यात साधारण ११० ग्रॅम मीठ विरघळवा आणि अख्खा बटाटा सोडा. बुडला तर आत स्टार्च भरपूर, फ्राइजला घ्या. तरंगला तर रस्सा करा. ते मीठपाणी टाकून देऊ नका, सगळे बटाटे त्यातच तपासून घ्या.

जिल्हा_परिषद_आजी

आमच्या सूनबाई म्हणतात एअर फ्रायरचं खाल्लं की त्रास नाही, तेल नाही म्हणजे सगळं बरं. नातू रोज मागतो. रोज दिलं तर चालेल का, हे कुणी सांगेल का?

रसायनवाले_सर

आजी, नमस्कार. तेल कमी जातं हे खरं. पण बटाटा १२० अंशांच्या वर भाजला, तळला की ॲक्रिलामाइड नावाचा पदार्थ तयार होतो. २००२ मध्ये स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी तो खाण्यात असल्याचं दाखवलं, तेव्हापासून जगभर त्याकडे लक्ष आहे. एअर फ्रायरनं तो टळत नाही, कारण तो तेलामुळे होत नाही, बटाट्यातली साखर, ॲस्पॅराजिन नावाचं ॲमिनो आम्ल आणि उष्णता यांच्यामुळे होतो. करायचं एवढंच: पिवळा सोनेरी झाला की काढायचा, तपकिरी होऊ द्यायचा नाही, काळी टोकं खायची नाहीत. उकडून घेतल्यानं साखर जाते, तिथेही फायदा. रोज मात्र नको. आठवड्यातून एखादे वेळी नातवाला मजेत द्या.

कडक_भाकरी

म्हणजे गोड बटाटा काळा पडतो आणि तोच जास्त वाईट. आडतदादा पहिल्याच प्रतिसादात बरोबर बोलले होते. मान्य. कढई मात्र सोडणार नाही.

फेज_न्यूट्रल

वर काय टाकता? आमच्याकडे पेरी पेरी मसाला चालत नाही. शेंगाची चटणी.

खमंग_जुळेसोलापूर

अर्थात शेंगाची चटणी! पण आधी लावू नका, शेंगदाणा आणि लसूण दोन्ही करपतात, कडू लागतं. फ्राइज टोपलीतून काढले की लगेच मोठ्या भांड्यात घ्यायचे, गरम असतानाच उखळात कुटलेली तेलकट चटणी टाकायची आणि भांडं झटकायचं. तेल सुटलेली असते म्हणून आपोआप चिकटते. बाजारातली कोरडी भुकटी खाली बसते. मीठ पण आत्ताच घालायचं, आधी घातलं की पाणी सुटतं. सोबत घट्ट दही.

मार्गशीर्ष_गुरुवार

उशिरा आले धाग्यावर. उपवासाला करायचेत. व्हिनेगर आमच्याकडे चालत नाही, तांदळाचं पीठही नाही. मीठ सैंधव. कसं करू?

रसायनवाले_सर

व्हिनेगरच्या जागी लिंबू. लिटरला अर्ध्या लिंबाचा रस, काम तेच होतं. पीठ लागलंच तर आरारोट, अर्धा किलोला एक चमचा पुरे.

टर्किश_टॉवेल

शिंगाड्याचं पीठही चालेल, रंग जरा गडद येतो, त्यामुळे २०० वर मिनिट-दीड मिनिट कमी ठेवा. तेल शेंगदाण्याचं.

खमंग_जुळेसोलापूर

आणि चटणी बिनलसणाची करा ताई. भाजलेले शेंगदाणे, लाल तिखट, सैंधव, थोडं जिरं चालत असेल तर जिरं. उखळ नसेल तर मिक्सर थांबवून थांबवून फिरवा, नाहीतर लोणी होतं.

मार्गशीर्ष_गुरुवार

जिरं चालतं. उद्या सकाळी उकडून ठेवते, संध्याकाळी २०० ला.